ज्याचे शब्द त्याचाच गळा का नको? (आणि आपली कॅसेटची दुकानं)

कुळागरवाला, फोंडा

वाद होणार हे गृहीत धरूनच लिहितोय.

मराठी माणूस गाणं ऐकत नाही, गळा ऐकतो. स्वतः लिहायचं, स्वतःच चाल लावायची आणि आपल्या बऱ्यावाईट आवाजात गायचं, असा कोणी समोर आला की आपलं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘शब्द छान आहेत हो, पण आवाज…’ झाला निकाल. संदीप खरे हे अपवाद. २००३ साली ‘आयुष्यावर बोलू काही’ सुरू झालं आणि कवी स्वतःच्या कविता स्वतः गातो हे लोकांनी तिकीट काढून ऐकलं. पण तिथेही शेजारी पेटीवर सलील कुलकर्णी होतेच.

आणि हे आपण गोव्यात बसून करतो! शिवोलीचे रेमो फर्नांडिस बघा. शिक्षण आर्किटेक्चरचं. १९८४ साली राहत्या घरात, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर त्यांनी ‘गोअन क्रेझी’ हा आल्बम केला. शब्द त्यांचे, चाली त्यांच्या, वाद्यं त्यांनीच वाजवलेली, एकावर एक चढवलेले आवाजही त्यांचेच. मग स्कूटरवर कॅसेटी टाकून स्वतः दुकानादुकानांत पोचवल्या. २००७ साली पद्मश्री. आता सांगा, त्या काळात फोंडा, डिचोली, पेडणे भागातल्या कुठल्या मराठी पोराच्या डोक्यात आलं की आपणही आपल्या गावावर चार गाणी करू आणि कॅसेट काढू? आम्ही भजनी स्पर्धेसाठी अभंग बसवत होतो आणि नाट्यगीतात वसंतराव देशपांड्यांची जागा जशीच्या तशी आली की कॉलर ताठ करत होतो.

याचं एक कारण मला दुकानांत सापडतं. आमच्या तरुणपणी फोंड्यात एक कॅसेटचं दुकान होतं. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढं. फळ्यांवर चिठ्ठ्या: लता, आशा, भीमसेन, माणिक वर्मा, कुमार. सगळे गळे. ‘पाडगावकर आहेत का?’ असं विचारलं तर मालकाने समोरच्या पुस्तकवाल्याकडे बोट दाखवलं.

तिथे गाणी भरूनही मिळायची. वहीच्या पानावर यादी द्यायची, कोरी कॅसेट तिथलीच घ्यायची, आठवड्याने न्यायला यायचं. ‘साठची घ्या, नव्वदची नको,’ हा सल्ला फुकट. नव्वदची फीत पातळ, हमखास डेकमध्ये गुंडाळायची. साठच्या कॅसेटला एका बाजूला अर्धा तास. यादी संपून दोन-तीन मिनिटं उरली तर मालक तिथे स्वतःच्या आवडीचं काहीतरी घालायचा, न विचारता, पैसेही न घेता. माझ्या भावगीतांच्या कॅसेटवर बी बाजूच्या शेवटी असंच एक कोकणी कांतार, म्हणजे गाणं, येऊन बसलं. कुणाचं ते लिहिलेलं नव्हतं. गाणाऱ्याचा आवाज फाटलेला, ट्रम्पेट जरा वर चढलेलं, आणि विषय बोटीवर गेलेल्या नवऱ्याचा. बायको घर बांधून झाल्याचं पत्र लिहिते आणि खिडक्या किती ते कळवते. बाकी काही नाही. पलीकडच्या बाजूची तयारीची मंडळी मी विसरलो, हा माणूस विसरलो नाही. त्याने ते कुणाच्या तरी सुरेल गळ्यात दिलं असतं तर ते वाचलं नसतं.

तर सांगा, तुमचा आवडता लिहून गाणारा कोण, आणि तो तुम्हाला कुठल्या दुकानात भेटला?

आल्तिनोची पायरी, पणजी

कुळागरवाले, रेमोंबद्दल आदर आहे. पण सगळं एकट्याने केलं म्हणून ते चांगलं झालं, हे गणित मला मान्य नाही.

‘मत्स्यगंधा’, १९६४. शब्द कानेटकरांचे, ते नाशिकचे. चाली आपल्या मंगेशीच्या अभिषेकीबुवांच्या. गायला आपल्या साखळीचे रामदास कामत. यातला कोणता माणूस तुम्ही काढून टाकणार? ‘शब्दावाचून कळले सारे’ घ्या. पाडगावकरांनी लिहिलं, पु. लं.नी चाल दिली, अभिषेकीबुवा गायले. तिघांपैकी कुणालाही एकट्याला ते जमलं नसतं, आणि तिघेही काही लेचेपेचे नव्हते. खुद्द पु. लं.चं बघा. ‘गुळाचा गणपती’ या १९५३ च्या चित्रपटाला लोक ‘सबकुछ पु. ल.’ म्हणतात. कथा, पटकथा, दिग्दर्शन, संगीत, मुख्य भूमिका, सगळं त्यांचं. पण ‘इंद्रायणी काठी’चे शब्द गदिमांचे आणि गळा भीमसेन जोशींचा. सबकुछ करणाऱ्या माणसालाही कळत होतं की इथे आपण बाजूला व्हायचं.

गीतरामायण तर आहेच. १९५५ पासून वर्षभर पुणे केंद्रावर दर आठवड्याला नवं गाणं, एकूण ५६. गदिमा लिहितायत, बाबूजी चाली लावतायत. एकाच माणसावर ते ओझं टाकलं असतं तर राम चित्रकूटापलीकडे गेला नसता.

तुमच्या कांताराबद्दल: ते चांगलंच असणार. पण तुम्ही एका चांगल्या कांतारावरून सिद्धांत उभा करताय.

साष्टीकर, मडगाव

कांतार निघालं म्हणून बोलतो. मराठी घरात वाढलो, पण तियात्र, म्हणजे आमचं गाण्यांनी भरलेलं कोकणी नाटक, चुकवत नाही.

कुळागरवाल्यांचं निम्मं बरोबर. तियात्राच्या रंगमंचावर कांतार म्हणणारा बहुतेक वेळा स्वतः रचतो. १८९२ साली मुंबईत पहिलं तियात्र झालं, तेव्हापासून ही परंपरा वाढत आली. आल्फ्रेड रोझ लिहीत, चाल लावत, गात. पण हे लिहून गाणं सगळंच काही खिडक्या मोजणाऱ्या बायकोइतकं नाजूक नसतं बाब. अर्धीअधिक कांतारं मंत्र्यांवर, पंचायतीवर, गेल्या आठवड्यातल्या भानगडीवर. टाळ्या पडतात, पुढच्या पावसात कुणाला आठवत नाहीत. ती टिकावीत म्हणून रचलेलीच नसतात. तुम्हाला कॅसेटवर मिळालं ते गाळून उरलेलं.

आणि गोव्याचं नाव घेता तर ख्रिस पेरी आणि लॉर्ना यांना कसे विसरलात? शब्द ख्रिसचे, चाल ख्रिसची, ट्रम्पेट ख्रिसचं, बँड ख्रिसचा. गळा लॉर्नाचा. आज कुठल्याही लग्नात ‘बेबदो’ लागलं की लोक लॉर्ना म्हणतात. म्हणजे गळा ऐकायची खोड एकट्या मराठी माणसाची नाही. दोघं वेगळी झाली तशी लॉर्ना कित्येक वर्षं गायल्याच नाहीत, १९९५ ला परत आल्या. २०१४ चा ‘नाचूंया कुंपासार’ हा चित्रपट त्याच गोष्टीवर बेतलेला. ती गाणी ख्रिस पेरींनी स्वतः गायली असती तर आज कुणी लावली असती, याचं उत्तर मूळ लेखकाने द्यावं.

दुकानाची आठवण एवढीच: मडगावच्या बाजारात तियात्राच्या कॅसेटी रेकॉर्डच्या दुकानापेक्षा सोड्याच्या गाड्याशेजारी जास्त खपत.

म्हापसेकर

मी कुळागरवाल्यांच्या बाजूने, पण माझं दुकान म्हणजे हणजूणचा बुधवारचा बाजार. गोरे लोक परत निघताना हातातलं विकायचे. जीन्स, टॉर्च, गिटार, कॅसेटी. चादरीवर पसरलेलं. खोका असेल तर नशीब, नाहीतर नुसती कॅसेट आणि तिच्यावर बॉलपेनने खरडलेलं नाव. आम्ही म्हापशाहून सायकलने जायचो.

तिथे मला लेनर्ड कोहेन मिळाला. आवाज? आल्तिनोच्या ताईंनी पाच मिनिटांत बंद केला असता. सूर आहे नाही आहे, अर्धं बोलणं, अर्धं गाणं. हा माणूस आधी कवी आणि कादंबरीकार. पहिली तबकडी १९६७ साली, तेव्हा वय तेहेतीस. इंग्रजी मला अर्धवट कळायचं, पण हा माणूस खोटं बोलत नाहीये हे कळायचं. गंमत म्हणजे आम्ही म्हापशात त्याच्या कॅसेटी झिजवल्या आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी हा गृहस्थ मुंबईत अद्वैत सांगणाऱ्या रमेश बाळसेकरांच्या घरी प्रवचन ऐकायला येऊन बसत होता. शेजारी येऊन गेला आणि आम्हाला पत्ता नाही!

तयारीचा गळा माझ्यासाठी कधीकधी पडद्यासारखा असतो. लिहिणाऱ्याचा आवाज फाटला की शब्द दिसतात.

साखळीचा पोर

म्हापसेकर काका, कोहेनचंच उदाहरण तुमच्यावर उलटतं. ‘हालेलुया’ त्याने १९८४ साली गायलं. ते ज्या आल्बममध्ये होतं तो अमेरिकेत काढायला त्याच्या कंपनीनेच नकार दिला. गाणं पडून राहिलं. १९९१ साली जॉन केलने गायलं, १९९४ साली जेफ बकलीने, तेव्हा जगाने ऐकलं. म्हणजे गळाच लागला ना शेवटी?

दुकानांबद्दल: तुम्ही सगळे डोळे पुसताय ते ठीक आहे. मी त्या काळातला नाही, पण बाबांकडून ऐकलंय. दुकानदार ठरवणार काय मागवायचं. काउंटरवर उभं राहून ऐकून बघायचं म्हटलं तर ‘घेणार असाल तर लावतो’. मराठी एका फळीवर, कोकणी दुसऱ्या, इंग्रजी वर काचेत कुलूप लावून. नव्या, अनोळखी पोराची कॅसेट कुठल्या फळीवर बसणार होती? रेमोंना स्कूटर काढावी लागली याला तुम्ही रोमँटिक म्हणता. मला तर तो दुकानांच्या साखळीवरचा आरोप वाटतो. आज मी खोलीत फोनवर गाणं रेकॉर्ड करतो आणि रात्री लोकांपर्यंत पोचतं.

ऐकतं कुणी नाही, ती गोष्ट वेगळी.

म्हापसेकर

पोरा, जोनी मिचेल ऐक. ‘बोथ साइड्स नाऊ’ तिने विशीत लिहिलं. गाजवलं जूडी कॉलिन्सने, १९६८ साली, गोड आवाजात. पुढच्या वर्षी जोनीने स्वतः गायलं. मग २००० साली, छप्पन्नाव्या वर्षी, मोठा वाद्यवृंद घेऊन पुन्हा गायलं. सिगरेटने आवाज खाली आलेला, वरचे सूर गेलेले. आयुष्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या असं विशीतल्या मुलीने म्हणणं आणि त्याच बाईने छप्पन्नाव्या वर्षी म्हणणं, दोन्ही लागोपाठ लावून बघ. हे जूडी कॉलिन्सला देता येत नाही, कितीही गोड गायली तरी. गाजणं आणि पोचणं यांत मी फरक करतो.

पेडणेकर

सगळं वाचलं. ‘आपल्याकडे’ म्हणजे कुणाकडे?

वामनदादा कर्डकांचं नाव एकानेही घेतलं नाही. सिन्नरजवळचं देशवंडी त्यांचं गाव. जन्म १९२२. अक्षरओळख मोठेपणी झाली. स्वतः लिहिलं, स्वतः गायलं, बाबासाहेबांचा विचार वस्त्यावस्त्यांत गाण्यातून नेला, २००४ साली जाईपर्यंत. त्यांना कुणी ‘शब्द छान, पण आवाज…’ म्हटलं नाही, कारण समोरची माणसं गळा तपासायला बसलेली नव्हती. त्याआधी पठ्ठे बापूराव. कुलकर्ण्याच्या घरातला माणूस लावण्या रचत फडात जाऊन उभा राहिला. शाहिरांची तर रांग लागेल. आणि तुकोबांचे अभंग तुम्ही भजनी स्पर्धेला बसवत होता, ते तुकोबांनी कुणाला गायला दिले होते? स्वतःच टाळ घेऊन उभे होते ना?

लांब कशाला, पौषात आमच्या बाजूला धालोच्या मांडावर, बायका जमून गातात-नाचतात तिथे, या. बायका जुन्या ओळींत गावातली नवी माणसं गुंफतात, जागच्या जागी. नाव कुणाचंच नाही, कॅसेट नाही, फळी नाही.

मराठीत लिहून गाणारे भरपूर होते. कुळागरवाल्यांच्या दुकानात नव्हते, एवढंच.

कुळागरवाला, फोंडा

पेडणेकर, तुमचं बोलणं माझ्याच वाटेवरचं आहे. मी म्हणतो फळ्यांनी आपले कान घडवले, तुम्ही म्हणता फळ्यांवर कोण नव्हतं ते बघा. वामनदादांचं गाणं मी पहिल्यांदा ऐकलं ते दुसऱ्याच गायकाच्या आवाजात, जयंतीच्या लाउडस्पीकरवर, आणि कितीतरी काळ त्या गायकाचंच समजत होतो. दुकानाने मला ते नाव दिलं नाही, मिरवणुकीने दिलं.

साष्टीकरांना उत्तर: ख्रिस पेरींनी स्वतः गायलं असतं तर लग्नात लागलं नसतं, मान्य. पण लग्नात लागणं ही गाण्याची परीक्षा कधीपासून झाली?

साखळीच्या पोरा, काउंटरवरचं कुलूप खरं आहे. मुंबईला काळा घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाउस’मध्ये ऐकायच्या खोल्या आहेत हे ऐकून आम्ही फोंड्यात चकित व्हायचो. तेही २०१६ साली बंद झालं.

आल्तिनोची पायरी, पणजी

मी अजून हलले नाही. उलट एक नवीन मुद्दा देते.

१९७७ साली व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या पाठवल्या. त्यात भारतातून एकच गायन, आपल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी, ‘जात कहाँ हो’. साडेतीन मिनिटं. दुसरं यान सप्टेंबरच्या ५ तारखेला सुटलं आणि त्याच महिन्याच्या १६ तारखेला बाई गेल्या. आता ती चीज कुणी रचली, हे आजवर तुम्हाला कुणी विचारलंय का? ख्याल ऐकताना आपण बंदिशीचा कर्ता शोधत बसत नाही. चार ओळींचे शब्द असतात आणि बाई त्यांना असं फिरवतात की ते त्यांचेच होतात. मग गाणं कुणाचं? ज्याने शब्द जुळवले त्याचं, की जिने त्यात जीव घातला तिचं?

आमच्याकडे चावीचा फोनो होता. ७८ ची तबकडी, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. दर खेपेला सुई बदलायची, नाहीतर तबकडी खरवडली जाते. वडील सुयांची डबी वरच्या खणात ठेवत आणि एकेक मोजून देत. आमच्या घराने १९६७ च्या जनमत कौलात गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याच्या बाजूने मत दिलेलं, आणि प्रचारात समोरच्या बाजूने उल्हास बुयांव गायचे. वडील खिडकी लावून घ्यायचे आणि खिडकीशीच उभे राहून शेवटपर्यंत ऐकायचे. शब्द पटत नव्हते, गळा सोडवत नव्हता. म्हणून म्हणते, गळ्याला कमी लेखू नका.

साष्टीकर, मडगाव

खिडकीचं वाचून हसलो ताई. आमच्याकडे उलट होतं, मत त्या बाजूला आणि रेडिओवर नाट्यगीतं.

साखळीचा पोर

आल्तिनोच्या मावशी, केसरबाईंचं ख्यालाला लागू आहे, गाण्याला नाही. ‘जात कहाँ हो’ कुणीही गाऊ शकतो म्हणूनच ती बंदिश आहे. मी साखळीच्या बाजारातल्या पुरावर गाणं लिहिलंय, वाळवंटी नदीचं पाणी दुकानात शिरल्यावर लोक तराजू आधी उचलतात त्याच्यावर. ते मी गायलो नाही तर कोण गाणार? मराठीत आहे, मध्ये दोन ओळी कोकणी आहेत.

आता खरी अडचण सांगतो. सीझनला आसगाव, हणजूण बाजूच्या रेस्टॉरंटमध्ये गातो. मॅनेजर आधीच सांगतो, ओळखीचं घे. टेबलावरून चिठ्ठ्या येतात, सगळ्या दुसऱ्यांच्या गाण्यांच्या. स्वतःचं एखादं मध्येच घुसवलं की लोक फोन बघायला लागतात. देवळातल्या कार्यक्रमात गेलो तर अभंग, नाट्यगीत. पैसे दोन्हीकडे मिळतात, माझ्या गाण्याचे कुठेच नाहीत. तुम्ही सगळे लिहून गाणाऱ्यांचं कौतुक करताय, तर इथल्या एकाने तरी या वर्षी अशा अनोळखी माणसाचं गाणं पैसे देऊन ऐकलंय का? मेलेले आणि परदेशी सोडून.

पेडणेकर

नाही ऐकलं. खरं ते सांगतो.

म्हापसेकर

आसगावात त्या ठिकाणी एका कॉफीला लावतात तेवढ्यात आमच्या वेळी चादरीवरच्या सगळ्या कॅसेटी आल्या असत्या. पण मुद्दा बरोबर आहे.

कुळागरवाला, फोंडा

पोरा, फोंड्यात ये. आमच्या कुळागरात, पोफळीच्या बागेत, मांडव घालतो, वीस-पंचवीस माणसं जमवतो, पाकीट देतो. अट एकच, दुसऱ्याचं एकही गाणं म्हणायचं नाही.

आल्तिनोची पायरी, पणजी

मीही येईन. त्याआधी शब्द पाठव, चाल मी लावून बघते.

साखळीचा पोर

चाल झालीय मावशी. गळा हवा तर तुमचा घ्या.

आल्तिनोची पायरी, पणजी

पट्टी कोणती?

साखळीचा पोर

काळी एक.

आल्तिनोची पायरी, पणजी

माझी काळी चार. बदलावी लागेल.

साखळीचा पोर

पट्टी बदला, शब्द नाही. तिसऱ्या ओळीत ‘कदंबा’ आहे, आपली सरकारी बस, तिथे ‘गाडी’ करायचं नाही.

आल्तिनोची पायरी, पणजी

‘कदंबा’ समेवर येतोय का सांग. येत नसेल तर आपलं भांडण आहे.